आंतरजालीय चित्रफिती व युवावर्ग

आंतरजालीय चित्रफिती व युवावर्ग : स्वतः चित्रित केलेली वा अन्य मार्गाने मिळविलेली चलत्‌चित्रे आंतरजालावरील सामाईक मंचावर ठेवून ती सर्वांना पाहण्यास खुली करणे, या व्यवहारास चित्रफीत-प्रसारण म्हणतात. यूट्यूब हा यांतील प्रमुख मंच अमेरिकेत २००५ मध्ये सुरू झाला. भारतात २०१६ नंतर भ्रमणध्वनीवरील आंतरजाल-सेवा स्वस्त झाल्याने ही सोय महानगरांपुरती न राहता विदर्भातील खेड्यांपर्यंत पोहोचली. टिकटॉकमुळे अत्यल्प कालावधीच्या चित्रफिती लोकप्रिय झाल्या. जून २०२० मध्ये केंद्र शासनाने त्यावर बंदी घातल्यानंतर इन्स्टाग्राम रील्स व यूट्यूब शॉर्ट्स यांनी त्याची जागा घेतली.

कार्यपद्धती : दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम ठराविक वेळी संपतो, येथे एकामागून एक चित्रफिती अखंड पुढे येत राहतात. प्रेक्षकाने काय व किती वेळ पाहिले याची नोंद ठेवून संगणकीय प्रणाली पुढील निवड करते. मनाजोगती चित्रफीत नेमकी केव्हा येईल हे अनिश्चित असते. अशा अनियमित प्रबलनाने जडलेली सवय सहजी सुटत नाही, हे बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांवरून ज्ञात आहे. आवेगांचे नियंत्रण करणाऱ्या मेंदूच्या अग्रभागाचा विकास पंचविशीपर्यंत चालू राहत असल्याने हा प्रभाव तरुणांवर विशेष पडतो.

इष्ट परिणाम : भारतीय तंत्रज्ञान संस्थांच्या एनपीटीईएल प्रकल्पाची व्याख्याने, तसेच स्पर्धा परीक्षांचे मार्गदर्शन खेड्यातील विद्यार्थ्यास घरबसल्या मिळते. वऱ्हाडीसारख्या बोलींनाही नवा प्रेक्षक लाभला आहे. नागपूरच्या सदर भागातील ‘डॉली चायवाला’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या चहाविक्रेत्याची शैली चित्रफितींमुळे सर्वदूर पोहोचली व २०२४ मध्ये बिल गेट्स त्यांच्यासह एका चित्रफितीत दिसले. मात्र असे यश अपवादात्मक असते. त्यावर विसंबून शिक्षण सोडणे धोक्याचे ठरते.

अनिष्ट परिणाम : झोपेची हानी, एकाग्रतेचा अभाव, इतरांच्या सजविलेल्या जीवनाशी तुलना व त्यातून येणारा न्यूनगंड हे परिणाम प्रामुख्याने आढळतात. तथापि अतिप्रेक्षणाने खिन्नता येते की खिन्न व्यक्ती अधिक पाहते, हे केवळ सहसंबंधावरून ठरविता येत नाही. प्रसारणाच्या नादात भोवतालच्या धोक्याकडे दुर्लक्ष होणे हा यांतील सर्वांत गंभीर प्रकार होय. जुलै २०१७ मध्ये नागपूरजवळील वेणा जलाशयात नौका उलटून सहलीस गेलेले अनेक तरुण बुडाले. त्यापूर्वी नौकेतून फेसबुकवर थेट प्रसारण करण्यात आले होते.

नियमन : भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमात अठरा वर्षांखालील व्यक्तींच्या विदेचा वापर करण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक मानली असून, त्यांच्या वर्तनाचा मागोवा घेण्यास मनाई केली आहे. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवता येत नाही. परंतु जेथे संपूर्ण कुटुंबात एकच भ्रमणध्वनी संच वापरला जातो, तेथे प्रेक्षकाचे वय ओळखणे कठीण असते. त्यामुळे कायद्याबरोबरच पालक व शिक्षक यांनी चित्रफितींच्या निवडीमागील यंत्रणा मुलांना समजावून देणे, झोपेच्या वेळी संच दूर ठेवणे आणि पाणवठे, लोहमार्ग इ. ठिकाणी चित्रण टाळण्याची शिस्त लावणे अगत्याचे ठरते.