नवी पाटी, नवा मुकादम



मी ह्या व्यासपीठावर आलो की मजुरी, बोनस आणि महागाई यांवाचून दुसरे काही बोलणार नाही, अशी पुष्कळांची समजूत असते. यंदा चालकांनी विषय माझ्यावर सोपविला, तेव्हा एका लहानशा वस्तूविषयी बोलावयाचे मी ठरविले. ती वस्तू म्हणजे आठ इंचांचा टॅब. वजन साडेतीनशे ग्रॅमच्या आत, पिशवीत वहीसारखा राहतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या यंत्रमाग कामगारांच्या संघटनेने जुना लॅपटॉप बाजूला ठेवून हा टॅब घेतला. लॅपटॉपवर विंडोज होते, टॅबवर अँड्रॉइड आहे. ह्या बदलाने एका माणसाची अकरा वर्षांची नोकरी चार वर्षांवर येऊन ठेपली होती. ती हकीकत पुढे येईलच. पण आधी विंडोज आणि अँड्रॉइड म्हणजे काय, हे पाहू या.

कारखान्यात माग असतात, वीज असते, सूत असते, कारागीरही असतात. पण कोणी कोणत्या मागावर उभे राहावयाचे, बीम केव्हा चढवावयाचा, कांड्या कोणाला किती द्यावयाच्या, हे पाहणारा मुकादम नसेल तर तासाभरात गोंधळ होतो. संगणकातही तसेच आहे. गणित करणारी चकती, स्मरणशक्ती, पडदा हे झाले यंत्र. पत्र लिहिणारा, हिशोब मांडणारा, चित्र दाखविणारा असे जे निरनिराळे कार्यक्रम, ते झाले कारागीर. ह्या कारागिरांना जागा नेमून देणारी, पाळी लावणारी आणि यंत्राशी त्यांच्या वतीने बोलणारी जी व्यवस्था, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. कारागीर यंत्राला स्वतः हात लावीत नाही; जे हवे ते मुकादमाकडे मागतो. आणि प्रत्येक मुकादमाची बोली वेगळी! एकाच्या बोलीत शिकलेला कारागीर दुसऱ्याच्या हाताखाली मुका होतो.

शिवाय चकतीची जातही वेगळी असते. घरोघरचे लॅपटॉप बहुतेक इंटेलच्या घराण्यातले आणि टॅब बहुतेक आर्म नावाच्या घराण्यातले. ज्यांनी जेकार्डवर काम केले आहे त्यांना मी काय म्हणतो ते चटकन कळेल. एका जेकार्डची भोके पाडलेली पत्ती दुसऱ्या मापाच्या जेकार्डला लावली तर फूल उठत नाही. म्हणून जुन्या यंत्रातला हिशोबाचा कार्यक्रम उचलून टॅबमध्ये टाकता येत नाही. त्याच कामाचा, पण ह्या मुकादमासाठी लिहिलेला, दुसरा कार्यक्रम शोधावा लागतो. पैसे भरून घेतलेला असेल तर ते पैसे बहुधा पुन्हा भरावे लागतात.

अँड्रॉइडची कुळकथा थोडक्यात सांगतो. लिनस टोर्वाल्ड्‌स ह्या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा लिहून जगाला मोकळा करून दिला. त्या गाभ्यावर अँड्रॉइड उभे आहे. अँड्रॉइड ही कंपनी २००३ मध्ये निघाली, २००५ मध्ये गूगलने ती विकत घेतली आणि २००८ मध्ये पहिला फोन बाजारात आला. गाभा मोकळा असला तरी त्यावरचे गूगलचे स्वतःचे कार्यक्रम मोकळे नाहीत, आणि ते एकगठ्ठा घेण्याची सक्ती फोन बनविणाऱ्यांवर होते, असे आपल्या स्पर्धा आयोगाला आढळले. ऑक्टोबर २०२२ मध्ये आयोगाने गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये आयोगाच्या काही सूचना रद्द केल्या, पण दंड कायम ठेवला. मुकादम कोणाचा माणूस आहे, हे विचारण्याची आम्हां कामगारांना जुनी सवय आहे. इथेही ती उपयोगी पडते.

लहान टॅबची एके काळी थट्टाच झाली. ॲपलचा आयपॅड एप्रिल २०१० मध्ये आला, तो जवळजवळ दहा इंचांचा. त्याच वर्षी ऑक्टोबरात स्टीव्ह जॉब्ज यांनी सात इंची टॅबची टर उडविली; त्याच्याबरोबर बोटे घासून बारीक करावयास सँडपेपरही द्यावा लागेल, अशा अर्थाचे ते बोलले. पुढे नोव्हेंबर २०१२ मध्ये त्यांच्याच कंपनीने ७.९ इंचांचा आयपॅड मिनी काढला. तो पाहावयास ते हयात नव्हते. आपल्याकडे ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र सरकारने विद्यार्थ्यांसाठी ‘आकाश’ नावाचा सात इंची टॅब गाजावाजाने बाहेर काढला. तोही अँड्रॉइडवरच चाले. पहिल्या आकाशाचा पडदा असा होता की, बोट टेकवून भागत नसे, दाबावे लागे.

थट्टेत थोडे तथ्यही आहे. आमच्या लॅपटॉपचा पडदा साडेपंधरा इंचांचा होता. टॅब आठ इंचांचा, म्हणजे अर्धा, असे आम्ही धरून चाललो. पण हे माप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे असते. ते अर्धे झाले की लांबी अर्धी होते, रुंदीही अर्धी होते आणि क्षेत्र उरते चौथाई. त्यातून टंकलेखनासाठी पडद्यावर कळफलक उघडला की, आडव्या टॅबवर जवळजवळ निम्मी जागा तोच खातो. वर्गणीची चौदा रकान्यांची वही अशा खिडकीतून वाचावयाची म्हणजे भिंतीच्या फटीतून लग्न पाहण्यासारखे आहे. लिहिण्यासाठी आम्ही वेगळा कळफलक घेतला. बोलून लिहिण्याची सोय गूगलने मराठीला २०१७ मध्ये दिली आहे व ती चांगली चालते; मात्र मागांच्या खडखडाटात तिचा उपयोग नाही.

आता कागदपत्रांकडे वळतो. विंडोजवर आपण कपाट, कपाटात खण, खणात फाईल अशी मांडणी करतो आणि कोणताही कार्यक्रम कोणताही खण उघडू शकतो. अँड्रॉइडने प्रत्येक कार्यक्रमाला स्वतंत्र खोली दिली आहे. एकाने दुसऱ्याच्या खोलीत डोकावू नये, डोकवावयाचे तर मालकाची परवानगी मागावी, असा तिथला कायदा. आरंभी ही परवानगी कार्यक्रम बसवितानाच एकदम घेतली जाई; २०१५ पासून ती त्या त्या प्रसंगी मागितली जाते. चोरट्या कार्यक्रमांना आळा घालण्याला ही व्यवस्था चांगली आहे. पण सवय नसलेला माणूस ‘माझे पत्र गेले कुठे’ म्हणून अर्धा दिवस शोधीत बसतो, आणि पत्र असते शेजारच्या खोलीत.

ह्या सगळ्या अडचणी महिन्याभरात अंगवळणी पडतात. खरी अडचण लिपीची आहे, आणि आमची हकीकत तिथेच घडली.

२०२४ चा उन्हाळा. सायझिंगमधले आमचे एक सभासद डिसेंबर २०२३ मध्ये निवृत्त झाले होते. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. तेव्हा लागू असलेल्या १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याप्रमाणे निवृत्त होणाऱ्याची सलग नोकरी किमान पाच वर्षांची लागे. आणि दर वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन मिळे. अण्णा म्हणत, मी २०१२ पासून आहे. म्हणजे एकशे पासष्ट दिवसांचे वेतन. मालक म्हणत, २०२० पासून. म्हणजे चार वर्षे, म्हणजे काहीच नाही. हजेरीपत्रक मालकाच्या ताब्यात. आमच्याकडे पुरावा एकच, वर्गणीची वही. त्यात सभासदाच्या नावापुढे कारखान्याचे नाव दर साल लिहिलेले असते. ती संगणकावर होती, आणि मी मोठ्या दिमाखाने नवा टॅब घेऊन सुनावणीला गेलो. २०२० पासूनची पाने उघडली, ती स्वच्छ मराठीत. २०१९ चे पान उघडले आणि पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची रास! अधिकाऱ्यांनी पाहिले, मालकाच्या वकिलांनी पाहिले. वकील इतकेच म्हणाले, “चारच वर्षे दिसतात.” तीन आठवड्यांची पुढली तारीख मिळाली.

असे का व्हावे? संगणक अक्षरे साठवीत नाही, आकडे साठवितो. कोणत्या अक्षराला कोणता आकडा, हे ठरविलेले असते. इंग्रजीपुरती ही वाटणी अमेरिकेत १९६३ मध्ये झाली. देवनागरीला त्यात जागा नव्हती. तेव्हा आपल्याकडच्या लोकांनी एक युक्ती काढली. इंग्रजी अक्षराचेच आकडे ठेवावयाचे आणि पडद्यावर त्यांच्या जागी देवनागरी आकार काढणारा टंक बसवावयाचा. कृतिदेव हा त्यातला सर्वांच्या परिचयाचा. त्यात ‘भारत’ लिहिले की यंत्राच्या पोटात एच, के, के, जे, आर अशी पाच इंग्रजी अक्षरे पडतात. तो टंक आहे तोवर ‘भारत’ दिसते, टंक नसला की पोटातले तेच बाहेर येते. आमची २०१९ पर्यंतची वही अशा टंकात होती आणि टॅबवर तो नव्हता. १९९१ मध्ये युनिकोड निघाले, त्यात देवनागरीला २३०४ पासून पुढे १२८ जागा स्वतंत्र मिळाल्या. त्या पद्धतीत ‘भारत’ म्हणजे २३४९, २३६६, २३५२, २३४०. मुकादम कोणताही असो. २०२० मध्ये आमच्याकडे एक तरुण मुलगा टंकलेखनाला आला, तो ह्या पद्धतीने लिहीत असे. म्हणून त्याची पाने शाबूत. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसत असल्यामुळे चार वर्षे आम्हांला फरक कळलासुद्धा नाही.

त्या मुलाने जुन्या वहीचे रूपांतर करावयास घेतले. हे वाटते तितके सोपे नाही. जुन्या टंकात दिसते तसे लिहीत. ‘शिर्के’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी, मग श, मग क, मात्रा आणि शेवटी रफार. युनिकोडात उच्चारू तसे लिहितात. आधी श, मग वेलांटी, मग र् आणि मग के. म्हणजे नुसते आकडे बदलून भागत नाही, वेलांटी आणि रफार उचलून योग्य जागी न्यावे लागतात. रूपांतर करणारा कार्यक्रम तिथे हटकून चुकतो. दुसऱ्या दिवशी रात्री वही तयार झाली. आम्ही अण्णांचे नाव शोधले. उत्तर आले, चार नोंदी! २०२० ते २०२३.

मी तीस वर्षे कामगारांत वावरलो, पण त्या रात्री माझ्याही मनात पाल चुकचुकली. मी अण्णांना विचारले, “अण्णा, वर्षांत काही गफलत तर नाही ना?” ते काही बोलले नाहीत. सकाळी पत्र्याचा डबा घेऊन आले आणि वर्गणीच्या पावत्या टेबलावर ओतल्या. मला मान वर करवेना.

चूक सापडली ती आमच्या खजिनदार बाईंना. त्या कांडीवाल्या आहेत. यंत्राने शोधण्यावर त्यांचा विश्वास नाही. त्यांनी २०१२ ची यादी बोट ठेवून वरपासून वाचली आणि अण्णांचे नाव दाखविले. डोळ्यांना नाव दिसत होते आणि यंत्राला सापडत नव्हते! अण्णांचे खरे आडनाव सांगत नाही. त्याच धाटणीचे ‘कुऱ्हाडे’ हे घ्या. ह्यातला ऱ् युनिकोडात दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत त्यासाठी नुक्त्याचे वेगळे अक्षर आहे. दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यामागे एक न दिसणारे जोडचिन्ह. कागदावर दोन्ही एकच, यंत्राला मात्र दोन निरनिराळी नावे. मुलगा एका रीतीने लिहीत आला होता, रूपांतर दुसऱ्या रीतीने झाले होते. दुसऱ्या रीतीने शोधताच उरलेल्या आठही वर्षांच्या नोंदी आल्या. ‘कर्मचाऱ्यांची यादी’ ह्या आपल्या रोजच्या शब्दांतही हेच संकट आहे. तुमच्यापैकी कोणाकडे संस्थेची, पतपेढीची, वाचनालयाची यादी असेल, त्यांनी घरी जाऊन दोन्ही रीतींनी एकदा शोधून पाहावे.

पुढल्या तारखेला आम्ही वही छापून नेली आणि जोडीला पावत्या. अण्णांना अकरा वर्षांचे पैसे मिळाले.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. अँड्रॉइडचा टॅब सुरू करताना तो खाते मागतो. आम्ही घाईत सरचिटणिसांचे घरचे खाते दिले, आणि सगळी वही त्यांच्या खासगी खात्यात जाऊन बसली. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने संघटनेचे हिशोब आणि सभासदांची यादी पाहण्याचा हक्क साध्या सभासदाला दिला होता. त्या हक्कासाठी माणसे भांडली होती, आणि आम्ही वहीची किल्ली एका माणसाच्या अंगठ्यात ठेवली! सरचिटणीस सज्जन आहेत. प्रश्न सज्जनपणाचा नाही, उद्या ते आजारी पडले तर काय, असा आहे. आता खाते संघटनेच्या नावाचे आहे आणि त्याचा परवलीचा शब्द बंद पाकिटात खजिनदार बाईंकडे असतो.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हा जुनी यंत्रे सोडून टॅबकडे वळणारे आपल्या गावातही थोडे नसतील. दुकानदार तुम्हांला पडदा, बॅटरी आणि कॅमेरा यांविषयी सांगेल. तुम्ही आणखी दोन गोष्टी विचारा: सुरक्षेच्या दुरुस्त्या किती वर्षे मिळणार, आणि माझी जुनी मराठी फाईल इथे, आत्ता, उघडून दाखवाल काय? फाईल बरोबर घेऊन जा.

आमचा जुना लॅपटॉप अजून कार्यालयात आहे. बिजागरी मोडली आहे, भिंतीला टेकवून उभा करावा लागतो. १९९८ आणि २००४ च्या मजुरी-करारांचे मसुदे त्याच्या पोटात जुन्या टंकात पडून आहेत. खजिनदार बाई आणि तो मुलगा दर रविवारी चार-चार पाने ताडून टॅबवर घेतात. पहिला करार पुरा झाला आहे, दुसऱ्याची अकरा पाने राहिली आहेत.