सहा, बारा, आठ: पण आकार कोणता?

‘सहा पृष्ठे, बारा कडा आणि आठ शिरोबिंदू असलेल्या आकाराचे नाव सांगा.’ चाचणीत हमखास येणारा प्रश्न. उत्तरही ठरलेले: इष्टिकाचिती, म्हणजे आपला साधा खोका. शिक्षकांशी बोलताना मीही हेच उत्तर दिलेले आहे. ते अपुरे आहे, हे एक बटाटा कापून पाहिला की कळते.

बटाट्याला चार सपाट काप देऊन चतुष्फलक तयार करा. त्याला ४ त्रिकोणी पृष्ठे, ६ कडा आणि ४ शिरोबिंदू असतात. आता एक टोक थोडेसे छाटा. तिथे एक नवे त्रिकोणी पृष्ठ आणि त्याच्या तीन कडा आल्या. एक शिरोबिंदू गेला, तीन आले. म्हणजे ५ पृष्ठे, ९ कडा, ६ शिरोबिंदू. मूळच्या उरलेल्या टोकांपैकी आणखी एक असेच छाटा. मात्र दोन्ही काप एकमेकांना भिडू देऊ नका. आता मोजा: ६ पृष्ठे, १२ कडा, ८ शिरोबिंदू!

पण हा खोका नव्हे. खोक्याची सहाही पृष्ठे चौकोनी असतात. इथे दोन त्रिकोण, दोन चौकोन आणि दोन पंचकोन आहेत.

मग मोजणी व्यर्थ का? मुळीच नाही. १७५० साली ऑयलर या गणितज्ञाने गोल्डबाख या आपल्या मित्राला पत्रातून एक संबंध कळवला: पृष्ठे + शिरोबिंदू = कडा + २. सपाट पृष्ठांच्या, कुठेही खाच किंवा भोक नसलेल्या प्रत्येक घनाकृतीला तो लागू पडतो. आपल्या प्रत्येक छाटणीत १ पृष्ठ, २ शिरोबिंदू आणि ३ कडा वाढल्या, म्हणून तो टिकून राहिला. मोजणी ही एक चाळणी आहे. कोणता आकार असू शकत नाही, हे ती नक्की सांगते; कोणता आहे, हे मात्र दर वेळी सांगत नाही. लांबी व कोन बाजूला ठेवले, तर सहा पृष्ठांच्या अशा घनाकृतींचे ७ प्रकार होतात. त्यांपैकी आठ शिरोबिंदूंचे दोनच: खोका आणि आपला बटाटा.

म्हणून मोजून झाल्यावर मुलांना आणखी दोन प्रश्न विचारावेत: प्रत्येक पृष्ठाला बाजू किती? कोणते पृष्ठ कोणाला लागून आहे? आणि चाचणीतल्या त्या प्रश्नाला एखाद्या मुलीने खोक्याऐवजी छाटलेला बटाटा काढून दाखवला, तर तिला पूर्ण गुण द्यावेत.