आठपदरी साडी आणि पटकीचा जिवाणू

पटकीचा, म्हणजेच कॉलऱ्याचा, जिवाणू तळ्याच्या पाण्यात केवळ सुटा वावरत नाही. कोपेपॉड नावाच्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या कवचधारी जीवांच्या अंगावर तो हजारोंच्या संख्येने वस्ती करतो. एक-दोन मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा एक-दोन हजारांश भाग, एवढीच लांबी असलेला सुटा जिवाणू कोणत्याही कापडातून सहज निसटतो. परंतु त्याचे वाहन असलेला कोपेपॉड त्याच्या कितीतरी पट मोठा असल्याने अडवता येतो. अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रीटा कोलवेल, अन्वर हक आणि त्यांचे सहकारी यांनी बांगलादेशातील उपाय नेमका या फरकावर उभा केला.

त्यासाठी निवडलेले साधन होते प्रत्येक घरात सापडणारी जुनी सुती साडी. वारंवार धुण्याने तिचे धागे पिंजारतात आणि विणीतील छिद्रे बारीक होतात. चौपदरी ते आठपदरी घडी केल्यावर ती सुमारे २० मायक्रॉनपर्यंत येतात, म्हणून येथे नव्या साडीपेक्षा जुनीच सरस ठरते. बांगलादेशातील मतलब नावाच्या भागातील ६५ गावांत, सुमारे १ लाख ३३ हजार लोकवस्तीत, या पद्धतीची चाचणी झाली आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार साडीने पाणी गाळणाऱ्या गावांत पटकीचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटले. इंधनाची चणचण असल्याने पाणी उकळणे जेथे परवडत नाही आणि कूपनलिकांच्या पाण्यात आर्सेनिक हे विषारी मूलद्रव्य आढळल्याने जेथे भूजलाचाही भरवसा उरला नाही, तेथे हे यश फार मोलाचे आहे.

तथापि सुटे जिवाणू, त्यांहूनही सूक्ष्म असलेले विषाणू आणि पाण्यात विरघळलेले आर्सेनिक यांपैकी काहीही साडी रोखू शकत नाही. शिवाय वापरलेले फडके धुऊन कडक उन्हात वाळवले नाही, तर तेच दूषित होते. गाळण्याला निर्जंतुकीकरणाची जोड अपरिहार्य ठरते ती यामुळेच, आणि त्यातही आधी गाळणे, मग निर्जंतुकीकरण हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण गढूळ पाण्यातील सेंद्रिय कणांवरच क्लोरीन खर्ची पडतो व जंतूंसाठी पुरेसा उरत नाही.

महाराष्ट्रातही हंड्याच्या तोंडाला फडके बांधून पाणी गाळण्याची रीत जुनी आहे. ती अवश्य टिकवावी. मात्र पावसाळ्यात असे गाळलेले पाणी उकळून घ्यावे, किंवा त्यात क्लोरीनचे द्रावण ठरलेल्या प्रमाणात घालून किमान अर्धा तास झाकून ठेवावे आणि मगच प्यावे.