ससूनची लैला, सिडनीची लिसा

१७ फेब्रुवारी २०१३. मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर महिला विश्वचषकाचा अंतिम सामना चालला होता. वेस्ट इंडिजची शेवटची विकेट पडली ती एका ऑस्ट्रेलियन खेळाडूने सूर मारून घेतलेल्या झेलामुळे. तिचं नाव लिसा स्थळेकर. आडनाव आपल्याकडचं वाटतं ना? मुलगीही आपल्याच पुण्यातली.

लिसा १३ ऑगस्ट १९७९ची. ससून रुग्णालयाशी जोडलेल्या ‘श्रीवत्स’ या संस्थेत ती होती, तेव्हा तिचं नाव लैला. शिक्रापूरहून अडलेल्या बाळंतिणीला घेऊन आपण धावतो, तेच हे ससून. मुंबईत जन्मलेले हरेन स्थळेकर आणि त्यांच्या इंग्लिश पत्नी स्यू तेव्हा अमेरिकेत राहायचे. एक मुलगी त्यांनी आधीच भारतातून दत्तक घेतली होती, आता मुलगा हवा होता. पण जीव जडला तो या लैलावर. जेमतेम तीन आठवड्यांची पोर दुसऱ्या देशातल्या घरची लेक झाली. अमेरिका, केनिया आणि मग सिडनी. क्रिकेटची गोडी वडिलांनीच लावली. पुढे एकदिवसीय सामन्यांत हजार धावा आणि शंभर बळी घेणारी ती पहिली महिला ठरली.

ही गोष्ट सांगितली की बायका लिसाच्या नशिबाचं कौतुक करतात. माझ्या मनात मात्र तिला जन्म देणारी बाई येते. कोण असेल, काय अडचण असेल! आणि विचार करायला तिला किती दिवस मिळाले असतील?

आज तीन आठवड्यांचं बाळ असं परदेशी जाऊच शकत नाही. परदेशी दत्तकातले गैरप्रकार वकील लक्ष्मीकांत पांडे यांनी पत्र लिहून सर्वोच्च न्यायालयापुढे मांडले आणि १९८४मध्ये न्यायालयाने नियम घालून दिले. आता २०१५चा बालन्याय कायदा आहे. आईने बाळ बालकल्याण समितीकडे सोपवलं, तरी निर्णय बदलायला तिला दोन महिने मिळतात. ओल्या बाळंतिणीचं मन आपल्याला काय सांगायला हवं? दोन महिने काही फार नाहीत. त्यानंतर बाळ दत्तकासाठी मोकळं झालं, की साठ दिवस आधी भारतात किंवा परदेशी राहणाऱ्या भारतीयांमध्ये घर शोधायचं. नाहीच मिळालं, तर परदेशी पालक.

म्हणजे बाहेर कोण जातं? ज्यांना आपण घेत नाही ती. अपंग मुलं, पाच वर्षांपुढची, भावंडांच्या जोड्या. परदेशी दत्तकासाठी कायदाच त्यांना प्राधान्य देतो. आपल्याला हवं असतं तान्हं, गोरं, निरोगी, आणि जमलं तर आपल्यासारखंच दिसणारं. परक्या देशातली बाई पायाने अधू असलेलं लेकरू कडेवर घेऊन जाते, तेव्हा मला बरंही वाटतं आणि लाजही वाटते.

दुसरीकडे, आपल्या भागात अजून हळूच विचारणा होते, ‘ताई, एखाद्या दवाखान्यातून परस्पर नाही का मिळणार?’ नाही मिळणार, आणि मिळालं तरी घेऊ नका. कायदा डावलून बाळ दिलं-घेतलं, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पैसे मोजून घेतलं, तर शिक्षा आणखी कडक. शिवाय अशा मुलाची कुठे नोंदच नसते. लिसा मोठेपणी पुण्यातल्या त्या संस्थेत जाऊन आली, कारण आपण कुठून आलो हे तिला ठाऊक होतं. परस्पर आणलेलं मूल उद्या कुठे जाऊन विचारणार?

सरळ रस्ता ‘कारा’चा. अर्ज ऑनलाइन भरायचा, जमत नसेल तर जिल्हा बाल संरक्षण कक्षात जायचं. घरी भेट देऊन चौकशी होते, आणि यादीत नंबर लागतो. दोन वर्षांच्या आतलं मूल हवं असेल, तर नवरा-बायकोच्या वयांची बेरीज ८५पेक्षा जास्त चालत नाही. तेव्हा देवदेव करण्यात वर्षं घालवू नका.

आणि एखादी पोर अडचणीत असेल, बाळ ठेवणं तिला शक्य नसेल, तर १०९८ हा नंबर तिला द्या. फोन फुकट आहे, चोवीस तास चालतो. बाळ सोपवणाऱ्या आईचं नाव गुप्त राहतं.