लेन्स आणि नळाचं पाणी

देकार्तचं नाव निघालंच आहे, तर थोडं विषयांतर करतो. १६३७ साली प्रकाशशास्त्रावरच्या निबंधात त्यानं एक कल्पना मांडली: पाण्यानं भरलेली नळी, टोकाला भिंग, आणि ती थेट डोळ्याला लावायची. कॉन्टॅक्ट लेन्सचे पूर्वज शोधताना तिचा उल्लेख होतो. ती लावून पापणी मिटता येणार नाही, ते सोडा.

गंमत अशी, की आज लेन्सचा वैरी पाणीच आहे. माझी नात हॉस्टेलवर असते. सोल्यूशन संपलं म्हणून तिनं लेन्स पाण्यानं धुतल्या. “फिल्टरचं होतं हो, आजोबा!” आता, पिण्याला चांगलं ते डोळ्याला चांगलं, हे अनुमानच चुकीचं. नळाच्या पाण्यात अकँथअमीबा नावाचा सूक्ष्मजीव असू शकतो. लेन्सखाली अडकला, की तो डोळ्याच्या पारदर्शक पटलात शिरू शकतो. स्वतःभोवती कवच करतो, त्यामुळे क्लोरीनला दाद देत नाही. औषधं महिनोन्‌महिने घालावी लागतात, दृष्टीही जाऊ शकते.

म्हणून लेन्स लावून आंघोळ नाही, पोहणं नाही. हात साबणानं धुवा, पण कोरडे करूनच लेन्सला लावा. डबीतलं कालचं सोल्यूशन ओतून द्या. त्यातच नवी भर घालायची काटकसर आपल्याकडे फार. डबी तीन महिन्यांनी बदला. झोपताना लेन्स काढाच. त्या पटलाला रक्तवाहिन्या नसतात, प्राणवायू मुख्यतः हवेतून मिळतो.

डोळा लाल झाला, दुखला, उजेड सोसेना, तर लेन्स काढून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. घरातले जुने ड्रॉप्स नकोत. लेन्स आणि डबी मात्र बरोबर न्या, तपासणीला उपयोगी पडतात.