पावाच्या साच्यातला इतिहास

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या पामेला स्मिथ यांचं पहिलं पुस्तक (१९९४) एका जर्मन दरबारी किमयागारावर होतं. २००४च्या ‘द बॉडी ऑफ द आर्टिझन’मध्ये त्यांनी मांडलं, की युरोपातल्या नव्या विज्ञानाच्या घडणीत सोनार, ओतारी, चित्रकार यांच्या हातातल्या ज्ञानाचाही वाटा होता. पण हातातलं ज्ञान नुसतं वाचून कसं कळणार?

म्हणून २०१४मध्ये ‘मेकिंग अँड नोइंग’ प्रकल्प सुरू झाला. आधाराला पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातलं, सोळाव्या शतकाच्या अखेरचं एक फ्रेंच हस्तलिखित. लिहिणारा अज्ञात, बहुधा तुलूझ भागातला. त्यात ९००हून अधिक नोंदी: रंग, वार्निश, नकली रत्नं, औषधं, तोफा, आणि खऱ्या पाली-सापांवरून साचा घेऊन केलेलं धातूचं ओतकाम.

एका नोंदीत पावाच्या मऊ गरात वस्तूचा ठसा घेऊन त्यात गंधक ओतायला सांगितलंय. पाव कसा हवा, किती वेळ वाळवायचा, हे मात्र गुलदस्त्यात. जाणकाराला ते ठाऊकच असणार, असं लिहिणाऱ्यानं गृहीत धरलेलं. (आपल्याकडे ‘मीठ अंदाजानं’ म्हणतात, तसंच.) मग इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेत जुन्या पद्धतीचे पाव भाजून साचे घेतले. फसलेले प्रयोगही टिपून ठेवले. माझ्या मते प्रकल्पाचा सर्वांत मोलाचा भाग हाच.

संपूर्ण हस्तलिखित, इंग्रजी अनुवाद आणि प्रयोगांवरचे निबंध २०२०पासून इंटरनेटवर सर्वांना मोफत खुले आहेत.