मांडीतला एक मिलिग्रॅम

बाळ आईच्या छातीवर निजलंय. नाळ कापून झाली, अंग पुसून झालं, पहिलं दूधही ओढून झालं. आता सिस्टर ट्रेमधून तपकिरी काचेचं छोटं ॲम्प्यूल उचलतात. उजेडात हे औषध बिघडतं, म्हणून काच गडद. लेबल दिव्याखाली धरून त्या नाव, ताकद, मुदत पुटपुटत वाचतात. हे वाचन कितीही घाईत सुटता कामा नये. नवजाताला द्यायचं ते जीवनसत्त्व के-१, हिरव्या पालेभाज्यांत असतं तेच. पूर्वी कृत्रिम के-३ देत. त्याच्या जास्त मात्रेने तांबड्या पेशी फुटून बाळांना कावीळ व्हायची.

मात्रा १ मिलिग्रॅम. वजन १००० ग्रॅमच्या आत असेल तर अर्धा. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, बारीक सुई सरळ स्नायूत जाते. बाळ कळवळतं, आईचा हात पाठीवरून फिरला की शांत होतं.

"एवढ्याशा जिवाला सुई कशाला ओ सिस्टर? आईच्या दुधात सगळं असतं की," दारातून आजी विचारतात.

"दूध पाजाच आजी. पण रक्त गोठायला लागतं ते हे एक त्यात पुरेसं नसतं."

सिस्टरांचं उत्तर नेमकं आहे. के वारेतूनही फारसं पलीकडे जात नाही आणि ते बनवणारे जंतू बाळाच्या आतड्यात अजून रुजलेले नसतात. यकृत रक्त गोठवणारे घटक तयार करतं, पण के नसलं की ते अर्धवट राहतात, कॅल्शियमला धरू शकत नाहीत. कोपनहेगनमध्ये हेन्रिक डाम यांना स्निग्धांशाविना वाढवलेल्या कोंबडीच्या पिल्लांत रक्तस्राव दिसला, तिथून हा शोध लागला. त्यांना आणि एडवर्ड डॉइझी यांना १९४३चं नोबेल मिळालं.

मला धास्ती वाटते ती उशिरा होणाऱ्या रक्तस्रावाची. फक्त अंगावर पिणारं, छान बाळसं धरलेलं दीड महिन्याचं मूल अचानक पिणं सोडतं, मलूल होतं, टाळू फुगते. रक्त पुष्कळदा मेंदूतच उतरलेलं असतं. जीव वाचला तरी अपंगत्व राहू शकतं. हे एका सुईने टळतं, म्हणून ती आजींना आधीच, गरोदरपणातच समजावून सांगायला हवी.

आई फिट्सच्या किंवा क्षयाच्या गोळ्या घेत असेल तर पहिल्याच दिवशी रक्तस्राव होऊ शकतो. सिस्टर तेही केसपेपरवर पाहतात. मग मात्रा, वेळ, सही. घरी किंवा वाटेत जन्मलेलं बाळ दाखल झालं की त्या आधी हीच नोंद विचारतात, आणि नसेल तर लगेच ॲम्प्यूल फोडतात.